मालकसाहेबांची दुसरी पाळी

बँकेत मला बुर्साच्या खिडकीवर बसवलं, हे घरी सांगितलं तेव्हा आई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "बुरसा आलाय तर उन्हात घालावं. त्याला माणूस बसवून काय होणार गो?" हिब्रूत शेअर बाजाराला बुर्सा म्हणतात. आईने तो शब्द आपल्या मराठीने ऐकला. बँकेच्या तळघरात नोटांना बुरशी धरली आहे आणि ती पुसायला हिंदुस्थानातून आलेली पोरगी निवडली आहे, असा तिचा समज झाला. तो मी दूर केला असं मला वाटलं होतं. पण पुढे कितीतरी दिवस ती शेजारणींना सांगत असे की आमची बेबी बँकेत आहे खरी, पण बुरशीच्या खात्यात.

संपादकांनी नोकरीवर लिहायला सांगितलं आहे. माझ्या बढत्यांची हकिगत दोन ओळींत आटोपते आणि त्यातली एक ओळ रडगाण्याची आहे, म्हणून ती वाचकांना माफ. आम्ही ठाण्याहून डिमोनाला आलो तेव्हा मी मराठी सातवीत होते. डिमोना म्हणजे दक्षिणेच्या वाळवंटातलं नव्याने वसवलेलं गाव. बेने इस्रायली, म्हणजे आम्हा मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, घरं इतकी, की जिन्यात कुणाची आमटी करपली तर मराठीतच बोंब होई. सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून मी बँकेत लागले. शाखेचे मॅनेजर रुमानियाहून आलेले यांकू. साहेबाला पहिल्या नावाने नुसतं यांकू म्हणायचं, हे माझ्या बाबांना शेवटपर्यंत पटलं नाही. ते त्यांना रस्त्यात भेटले की "यांकूसाहेब" म्हणत, आणि यांकूंना वाटे, साहेब हे त्यांनी आपल्याला दिलेलं आडनाव आहे.

ज्यांनी हा धंदा जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तेव्हा आमच्याकडे शेअर घ्यायला दलालाकडे जावं लागत नसे. बँकच दलाल, बँकच सल्लागार, आणि बऱ्याचदा शेअरही बँकेचाच. गिऱ्हाईक सकाळी माझ्या खिडकीशी येऊन सांगे, अमक्याचे इतके घे. मी चिठ्ठी भरायची, दुपारच्या आत सगळ्या चिठ्ठ्या तेल अवीवला कळवायच्या. तिथे दिवसातून एकदाच प्रत्येक शेअरचा भाव ठरे आणि तो आमच्याकडे येई. मधल्या वेळात करायचं काही नसे. त्या वेळात लोक खिडकीसमोरच्या बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत आणि सालं माझ्या बाजूला उडत.

शेअर का घ्यायचे, हे मात्र कुणाला समजवावं लागत नसे. महागाई अशी होती की दुकानात डब्यावर किमतीची चिठ्ठी, तिच्यावर नवी, तिच्यावर आणखी नवी. आई त्या चिठ्ठ्या नखाने सोलून जुनी किंमत शोधायची आणि दुकानदाराशी त्या किमतीवर भांडायची. खात्यात पडलेला पैसा डोळ्यांदेखत झिजत होता. म्हणून सगळा देश, न्हावी आणि शाळामास्तरांसकट, शेअर घेत सुटला होता. फक्त आमची माणसं हलत नव्हती. यांकूंनी मला बोलावून सांगितलं, तुझे हिंदुस्थानी लोक पगार खात्यात ठेवतात आणि रोज येऊन तो आहे का बघून जातात, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोल.

मी बोलले. आधी आल्या रिबेकामावशी, ठाण्याच्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. कंपनी शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, काम करते का, हे कळल्याशिवाय त्या नफ्याला हात लावायला तयार नव्हत्या. म्हणून त्यांना मी एक फंड सुचवला. फंडाला हिब्रूत केरेन म्हणतात, आणि त्यांच्या रामला गावातल्या नातीचं नाव नेमकं केरेन. फंडात पैसे शब्बाथला काय करतात, हे न विचारता त्यांनी सही केली. त्यानंतर फंडाचा भाव उतरला की मावशी टेलिफोनसाठी नाणी घेऊन नाक्यावर जायच्या आणि लेकीला विचारायच्या, पोरीला ताप तर नाही ना. एकदा खरंच गोवर निघाला. त्या दिवशी फंड वर होता, तर मावशी माझ्यावरच चिडल्या की तुमच्या बँकेला काही कळत नाही.

आता सॅमसनकाका. हा लेख खरा त्यांच्यासाठीच लिहिते आहे.

सॅमसनकाका मुंबईत भायखळ्याच्या एका गिरणीत फिटर होते. त्यांच्या हाताखाली माणसं होती, खात्यात नाव होतं. इथे आल्यावर पहिली काही वर्षं त्यांना सरकारने रस्त्याकडेला झाडं लावायच्या कामावर घातलं. त्या दिवसांबद्दल ते बोलत नसत. लिलीकाकू सांगायच्या की संध्याकाळी घरी येऊन ते हात धूत बसायचे, माती निघाली तरी धूतच बसायचे. मग गावात ब्लँकेटचा कारखाना निघाला. वाळवंटात ब्लँकेटं कशाला, असं विचारणाऱ्याने आमची जानेवारीतली रात्र काढलेली नसते. तिथे काका दुसऱ्या पाळीला फिटर म्हणून लागले आणि पुन्हा माणसात आले. पन्नाशी उलटली होती, हिब्रू कारखान्यापुरती होती. त्या कारखान्याबाहेर त्यांना कुणी उभं केलं नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

ते खिडकीशी आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "ओपन किती, क्लोज किती?" क्षणभर मला काही कळेना. मग उजेड पडला. मुंबईत गिरणीवाले कापसाच्या भावाच्या आकड्यांवर पैसे लावत, उघडताना एक आणि बंद होताना एक. काकांना वाटलं की सरकारी परवान्याने तोच प्रकार इथे बँकेत सुरू झाला आहे. मी म्हटलं, काका, दिवसाला एकच भाव असतो. ते म्हणाले, मग त्यात मजा काय.

त्यांच्या डोक्यातून आकडा काढायचा म्हणून मी समजावून सांगितलं. हा सट्टा नाही, काका. शेअर म्हणजे हिस्सा. तुम्ही ज्या कंपनीचा शेअर घ्याल, त्या कंपनीचे तुम्ही तेवढ्यापुरते मालक. भागधारक हा शब्द मला तेव्हा ठाऊक असता तर पुढचं रामायण टळलं असतं. पण माझं मराठी सातवीपर्यंतचं, आणि सातवीच्या पुस्तकात भागधारक नव्हता. वाक्य मात्र कायद्याने अगदी बरोबर होतं, आजही आहे.

"कुठल्या पण कंपनीचा मालक?"

"बाजारात असेल त्या."

"आमचा ब्लँकेटचा कारखाना आहे काय?"

होता. काकांनी माझ्याकडून तो शब्द पुन्हा वदवून घेतला. त्यांच्या भायखळ्याच्या गिरणीचे मालक वर्षातून एकदा, दसऱ्याला यंत्रांच्या पूजेला मोटारीतून येत, आणि सगळं खातं रांगेत उभं राहत असे. त्या मोटारीचा रंगही काकांना आठवत होता. त्यांनी खिशातून पैसे काढले आणि कारखान्याचे मूठभर शेअर घेतले. जाताना मला मराठीत थँक्यू म्हणाले, म्हणजे थँक्यूच म्हणाले, पण मालकाच्या आवाजात.

आठवड्याभरात लिलीकाकू तणतणत बँकेत आल्या. काकांनी आजारपणाची रजा घ्यायचं सोडलं होतं. अंगात ताप, तरी कामावर, का तर रजेचा पगार आपल्याच खिशातून जातो. जादा वेळेचे पैसेही त्यांनी फोरमनला परत करायला नेले होते. फोरमन मोरोक्कोचा, भला माणूस. त्याने ते घेतले नाहीत, पण काकांना डॉक्टरकडे जायला सांगितलं. रिकाम्या खोलीतले दिवे काका बंद करायचे, त्यात कधी कधी माणसं असायची. कॅन्टीनमध्ये चहात तिसरा चमचा साखर घालणाऱ्याकडे ते असे बघत की त्याचा घोट अडकावा. सुट्टीच्या दिवशीही इस्त्रीचा शर्ट घालून ते कारखान्यात एक चक्कर मारून येत. कामगारांनी त्यांचं नाव बाल-हबाइत ठेवलं, म्हणजे घरमालक. ते त्यांची टिंगल करत होते. काकांना वाटलं, अखेर ओळखलं.

मध्ये एकदा संप झाला. आता काका काय करतात, हे बघायला अर्धं गाव फाटकावर गेलं. त्यांनी घरून खुर्ची नेली होती, आणि ती बरोब्बर फाटकाच्या रेषेवर ठेवून ते दिवसभर बसले. कामगारांनी बोलावलं की म्हणायचे, मी तुमच्यातलाच आहे. ऑफिसातून कुणी आलं की त्यालाही तेच सांगायचे. संप मिटल्यावर दोन्ही बाजूंनी त्यांचे हात हातात घेतले. मी हे मुद्दाम सांगते, कारण लोक त्यांना नुसता खुळा समजत. ते खुळे नव्हते, त्यांचा कारखान्यावर जीव होता आणि त्या जीवाला मी एक हुद्दा मिळवून दिला होता.

मग वार्षिक सभेचं बोलावणं आलं. असली बोलावणी सगळ्याच भागधारकांना येतात आणि सगळेच ती फेकून देतात. काका ती घेऊन माझ्याकडे आले. तेल अवीवच्या हॉटेलात सभा होती, आणि त्यांना दुभाषी हवी होती. मी रजा काढली. आम्ही बसने बीरशेबाला आणि तिथून तेल अवीवला गेलो. भर ऑगस्टमध्ये काकांनी भायखळ्याच्या शिंप्याने शिवलेला लोकरीचा सूट, टाय आणि चकचकीत बूट घातले होते. बसमध्ये लोक त्यांना बघून खिडक्या उघडत होते.

आमच्याकडे तेव्हा मंत्रीही टायच्या वाटेला फारसे जात नसत. सभेला आलेले सगळे अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आणि सँडलमध्ये. एवढ्या गर्दीत सूट एकच. दारावरच्या मुलीने इंग्रजीत विचारलं, आपण कुठून आलात? काका खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. "बाँबे," ते म्हणाले.

झालं. परदेशी गुंतवणूकदार आले म्हणून धावपळ झाली. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं, बर्फ घातलेला संत्र्याचा रस आणला, आणि मला त्यांची सेक्रेटरी समजून लिहायला पेन दिलं. कंपनीचे अध्यक्ष स्वतः हात मिळवायला आले. म्हणाले, कधीतरी आमचा कारखानाही बघायला या. मी भाषांतर केलं. काका म्हणाले, "रोज बघतो, सांग त्यांना." मी सांगितलं. अध्यक्ष खूश झाले, त्यांना वाटलं हे साहेब मुंबईत बसून रोज हिशेब तपासतात.

अहवाल वाचून झाला, आणि कुणाला काही विचारायचं आहे का, असं अध्यक्षांनी विचारलं. काका उठले. कोटाचं बटण लावलं आणि कारखान्याच्या हिब्रूत, जिथे अडलं तिथे माझ्याकडे मराठीत शब्द टाकत, त्यांनी विचारलं की दुसऱ्या पाळीच्या संडासातले दिवे रात्रभर कशाला जळतात? कोण भरतं त्याचे पैसे? सभा हसली. अध्यक्ष हसले नाहीत. ते टेबलावर हात ठेवून म्हणाले, पाहा, परदेशातून आलेल्या पाहुण्यांना जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही. म्हणूनच संचालक मंडळाने यीऊलची योजना आणली आहे.

यीऊल. मी काकांकडे वळले, पण त्यांना तो शब्द माझ्याआधी ठाऊक होता. कारखान्याच्या फळ्यावर तो कधीपासून लिहिलेला होता, दिवे आणि नळ यांच्या चित्रांसकट. "काटकसर गो," ते माझ्या कानात म्हणाले. "मी हेच तर सांगतोय सगळ्यांना." योजना मताला टाकली. बाकीच्यांनी बसल्या बसल्या कोपरापर्यंत हात उचलले. काका उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

परतीच्या बसमध्ये ते झोपले नाहीत. टाय सैल करून मला सांगत होते की मुंबईच्या मालकाने कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही, आणि इथे बघ, शब्द तोंडातून निघाला आणि ठराव पास. इतके सुखात मी त्यांना त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

हिवाळा सरता सरता यीऊल आली. नळ आणि दिव्यांना तिने हात लावला नाही. जुनी यंत्रं मोडीत काढायची आणि दुसरी पाळी बंद करायची, एवढाच तिचा अर्थ होता. पहिल्या पाळीत घ्यायला तरुण माणसं होती. पंचावन्नच्या पुढच्यांना नुकसानभरपाई देऊन घरी बसवलं. फोरमनने काकांना बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा तो स्वतःच रडला म्हणे.

त्या दुपारी ते बँकेत आले. कामाच्या वेळेत त्यांना मी पहिल्यांदाच बाहेर बघत होते. बाकावरच्या लोकांनी सरकून जागा दिली, तरी ते उभेच राहिले. तेवढ्यात तेल अवीवहून आलेल्या भावांचा कागद हातात घेऊन यांकू आपल्या खोलीतून बाहेर पडले. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. काकांना बघताच त्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्या बँकेला ऐकू जाईल असं म्हणाले, सॅमसन, मझल तोव, अभिनंदन, तुझा कारखाना आज कुठल्या कुठे चढला. विकू नकोस.

काका माझ्याकडे बघत राहिले. "खरंच चढला?"

"हो."

"कशानं?"

"कंपनी खर्च कमी करतेय, अशी बातमी लागली. बाजाराला ते आवडतं, काका."

"कुठला खर्च?"

मी टेबलावरच्या चिठ्ठ्या सारख्या केल्या. त्या आधीच सारख्या होत्या. मग म्हटलं, "दुसरी पाळी."

त्यांनी तो हिशेब मनात मांडला, आणि तो त्यांना लगेच जमला. ते हळूच म्हणाले, "म्हणजे मी आता तिथं नाही, म्हणून माझाच शेअर वाढला."

या नोकरीत मी माणसांना पुष्कळ गोष्टी समजावल्या. भाव का पडतो, व्याज कशाला म्हणतात, कागदावरचा नफा आणि हातातला नफा यांत फरक काय. त्या दिवशी समजवायचं काहीच शिल्लक नव्हतं, कारण त्यांना सगळं बरोबर समजलं होतं. मला रडू येत होतं. खिडकीमागे बसून ते करता येत नाही, म्हणून मी त्यांच्यासाठी चहा मागवला. त्यांनी एक चमचाच साखर घातली.

चहा संपल्यावर म्हणाले, "वीक सगळे."

मी त्यांना सांगितलं की थांबा, उद्या आणखी चढेल, आता नोकरी नाही, मुलगा अजून सैन्यात आहे, पैसा लागेल. माझं काम मी केलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मालकानं कामगाराला काढलं, त्याचं मला काही नाही. मालक काढतातच. पण मीच हात वर करून मला काढलं, आणि वर मलाच बक्षीस? असल्या मालकाबरोबर मला राहायचं नाही गो बेबी."

मी विक्रीची चिठ्ठी भरली, आणि सकाळी ती सगळ्यांत आधी कळवली.

दुसऱ्या दिवशी बाकावर बिया सोलणाऱ्यांमध्ये काकाही बसले होते. भाव आले. त्या दिवशी सगळा बाजारच घसरला होता. सरकारने आदल्या रात्री कुठल्यातरी कराबद्दल तोंड उघडलं होतं, त्यामुळे बँका, सिमेंट, संत्री, सगळंच खाली. ब्लँकेटही खाली. मी काकांना त्यांचा आकडा सांगितला, घसरूनसुद्धा भाव घेतले त्यापेक्षा बराच जास्त मिळाला होता. पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"काल वर होता, आज खाली?"

"हो, काका."

"मी विकल्यावर?"

मी तोंड उघडलं. मूठभर शेअर, काका, त्याने तेल अवीवमधली पालसुद्धा चुकचुकत नाही, हे सांगणं माझं कर्तव्य होतं, त्याचाच मला पगार मिळत होता. त्यांनी खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले होते, स्वच्छ, तेलाचा डाग नसलेले हात.

ते म्हणाले, "फिटर गेला तेव्हा चढला. मालक गेला तसा पडला. म्हणजे बघ, मालक म्हणून माझी गरज होती त्यांना."

"होती," मी म्हटलं. "तुमच्यामुळेच पडला, काका."

त्यांनी पैसे मोजून न घेता खिशात घातले. मग मागे वळून, रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला आपल्या कारखान्याच्या हिब्रूत समजावलं की आज काही घेऊ नकोस, बाजार मी पाडला आहे, मला वाईट वाटतं, पण माझा इलाज नव्हता.